एल्मर कीथ
एल्मर मेरिफिल्ड कीथ (८ मार्च, १८९९ – १४ फेब्रुवारी, १९८४) हे अमेरिकन पशुपालक, शिकारी आणि बंदुकांविषयी लिहिणारे लेखक होते. त्यांचा जन्म मिसूरी राज्यातील हार्डिन येथे झाला. आयुष्याचा मोठा काळ आयडाहो राज्यात गेला.

कीथ काडतुसे घरीच भरत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पूर्ववत आकारात आणून तीत नवी स्फोटक टोपी, मोजून घेतलेली दारू व शिशाची ओतीव गोळी बसवली जाई. १९२५ साली स्वतः भरलेल्या जादा दाबाच्या काडतुसाने त्यांचे .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर फुटले. त्यानंतर ते .४४ स्पेशलकडे वळले. त्याची छिद्रे लहान असल्याने सिलिंडरच्या भिंती अधिक जाड राहत. स्वतः आखलेल्या गोळीवर त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि कारखान्यांनी तसे शक्तिशाली काडतूस काढावे, असा आग्रह धरला. अखेर १९५५-५६ मध्ये रेमिंग्टनचे .४४ मॅग्नम काडतूस व त्यासाठी स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर आले. जुन्या, कमकुवत रिव्हॉल्व्हरमध्ये हे काडतूस बसू नये, म्हणून त्याची पुंगळी मुद्दाम लांब ठेवण्यात आली.

'सिक्सगन्स' (१९५५) हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ होय. बॉइसी येथे त्यांचे निधन झाले.