संत झेली मार्टिन : उद्योग करणारी आई

छोट्या संत तेरेजाला आपण सारे ओळखतो. तिची तसबीर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. पण तिची आई स्वतःचा लहानसा उद्योग चालवीत होती आणि इतर बायकांना काम देत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीत झाला. तिला धर्मभगिनी व्हायचे होते. अलांसों शहराच्या इस्पितळात सेवा करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉलच्या भगिनींकडे ती गेली. पण मदर सुपिरियरने तिला नकार दिला. पुढे ८ डिसेंबर १८५१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, लेस विणण्याचे काम करावे अशी प्रेरणा तिला झाली. अलांसोंची लेस सुईने विणतात. एक चौरस सेंटिमीटर लेस विणायला सुमारे सात तास लागतात! झेली हे काम रीतसर शिकली आणि १८५३च्या सुमारास थोरल्या बहिणीच्या मदतीने तिने स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

तिने कारखाना काढला नाही. बायका आपापल्या घरी लेसचे तुकडे विणीत आणि गुरुवारी तिच्याकडे घेऊन येत. झेली ते तपासून पुढचे काम देई. तुकडे जोडण्याचे सर्वांत नाजूक काम ती स्वतः करी. कुणी आजारी पडली, तर तिच्या घरी जाऊन विचारपूस करी.

१३ जुलै १८५८ रोजी लुई मार्टिन ह्या घड्याळजीशी तिचा विवाह झाला. त्यांना नऊ मुले झाली. चार लहानपणीच वारली. लुई रविवारी दुकान उघडीत नसे, गिऱ्हाईक गेले तरी चालेल. १८७० साली त्याने आपले दुकान भाच्याला विकले आणि तो पत्नीच्या व्यवसायात आला. ऑर्डरी मिळवण्यासाठी तो पॅरिसला जाई, हिशेब बघे. बायकोच्या हाताखाली काम करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हे सारे सोपे नव्हते. १८७१ साली युद्धात नऊ जर्मन सैनिक त्यांच्या घरात येऊन राहिले. काम नसले की काळजी, फार आले की जागरण. आपण किती थकलो आहोत, हे झेलीने आपल्या पत्रांतून मोकळेपणाने लिहिले आहे. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. तेरेजा तेव्हा अवघी चार वर्षांची होती.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या पती-पत्नीला एकत्र संतपद बहाल केले.

आपल्या धर्मग्रामातही कुणी शिवणकाम करते, कुणी केक बनवते, कुणी मसाले विकते. कुणाला असे काही सुरू करायचे आहे, पण धीर होत नाही. झेलीच्या पाठीशी आधी बहीण उभी राहिली, मग नवरा. आपणही नुसते कौतुक करून थांबू नये. पहिली ऑर्डर आपण द्यावी, पैसे वेळेवर चुकते करावेत, तिचे मूल तासभर सांभाळावे आणि घरच्या पुरुषांनी हिशेबाला बसावे.

संत झेली आणि संत लुई, आम्हांसाठी विनंती करा.