इगोर सिकोर्स्की : पन्नाशीत पूर्ण झालेलं प्रोजेक्ट

यात्रेच्या मोसमात केदारनाथला हेलिकॉप्टरने जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. खाली मंदाकिनीची दरी, समोर बर्फाची शिखरं आणि देवळामागे चोराबारी हिमनदी! स्वित्झर्लंड, न्यूझीलंड, अलास्का इथे तर नुसत्या हिमनद्या बघायला लोक तिकीट काढून हेलिकॉप्टरमध्ये बसतात. पण डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक छोटा, ही रचना ज्यांनी व्यवहारात यशस्वी करून दाखवली, ते इगोर सिकोर्स्की किती जणांना ठाऊक असतात?

त्यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी किव्हमध्ये झाला. वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक. लिओनार्दो दा विंचीच्या उडत्या यंत्रांच्या गोष्टी आईकडून ऐकलेल्या. बाराव्या वर्षीच त्यांनी रबराच्या ताणावर उडणारं छोटं हेलिकॉप्टर बनवलं. १९०७ मध्ये किव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला, म्हणजे आपल्याच जातकुळीतले!

१९०९ मध्ये ते पॅरिसला गेले आणि २५ अश्वशक्तीचं अँझानी इंजिन विकत घेऊन आले. पहिलं हेलिकॉप्टर नुसतं थरथरलं, उडालंच नाही. १९१० चं दुसरं कसंबसं स्वतःचं वजन उचलायचं, पण पायलट बसला की संपलं. इंजिन जड, शक्ती कमी. गणित जमत नव्हतं. तेव्हा विसाव्या वर्षी त्यांनी ही फाईल बंद केली आणि विमानांकडे वळले.

तिथे मात्र नाव झालं. एकदा कार्ब्युरेटरमध्ये डास अडकला, इंजिन बंद पडलं आणि ते कोसळता कोसळता वाचले. मग एकाच इंजिनावर भरवसा कशाला? १९१३ मध्ये त्यांनी चार इंजिनांचं विमान उडवलं. त्यानंतरच्या 'इल्या मुरोमेत्स'मध्ये तर प्रवाशांसाठी बंद केबिन होती!

पण रशियात क्रांती झाली. सगळं सोडून १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. नोकरी नाही, भाषा येत नाही. रशियन निर्वासितांना गणित शिकवून दिवस काढले. १९२३ मध्ये एका कोंबड्यांच्या फार्मवर कंपनी सुरू केली. पैसे संपत आले तेव्हा संगीतकार रॅचमनिनॉफ यांनी ५ हजार डॉलरचे शेअर घेतले म्हणून गाडं पुढे सरकलं. पुढे त्यांची पाण्यावर उतरणारी विमानं समुद्र ओलांडू लागली.

माणूस स्थिरावला की जुनी स्वप्नं विसरतो. सिकोर्स्की विसरले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९३५ मध्ये मिळालं. जर्मनीत १९३६ मध्ये दोन पंख्यांचं फॉके-वुल्फ ६१ उडालं होतं. सिकोर्स्कींना एकाच मोठ्या पंख्यावर उडायचं होतं. पण पंखा एका बाजूला फिरला की धड उलट्या बाजूला फिरणार, न्यूटनचा तिसरा नियम! उपाय म्हणून शेपटीला छोटा पंखा. १४ सप्टेंबर १९३९ रोजी व्हीएस-३०० दोरखंडांनी बांधूनच जमिनीवरून उठलं. चालवणारे खुद्द सिकोर्स्की, वय ५०! मोकळं उड्डाण झालं १३ मे १९४० ला. सुरुवातीला ते मागे जायचं, बाजूला जायचं, पुढे मात्र नीट जात नसे. पुन्हा पुन्हा रचना बदलून तेही साधलं.

आता डोंगराचा प्रश्न. एका जागी तरंगायला हेलिकॉप्टरला भरपूर शक्ती लागते आणि विरळ हवेत पंख्याची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही कमी होतात. एप्रिल १९४४ मध्ये आसाममधल्या लालाघाटहून निघालेल्या सिकोर्स्की वायआर-४ ने ब्रह्मदेशाच्या जंगलातून चौघांना सोडवलं. तिथल्या उष्ण, दमट हवेत ते एका वेळी एकालाच उचलू शकत होतं. म्हणून एकेक करून आणलं! भारतीय हवाई दलाचं पहिलं हेलिकॉप्टरही सिकोर्स्कींचंच, १९५४ मधलं एस-५५. सियाचीनवर जाणारं 'चीता' मूळ फ्रेंच रचनेचं, पण वर एक पंखा आणि शेपटीला एक, ही मांडणी तीच.

२६ ऑक्टोबर १९७२ रोजी सिकोर्स्की गेले. त्यांच्या यंत्राने युद्धंही लढली, हे खरं. पण २०१३ मध्ये केदारनाथच्या पुरात रस्ते वाहून गेले तेव्हा हजारो माणसं हेलिकॉप्टरनेच बाहेर काढली. आपल्याच भोर तालुक्यात रायरेश्वरच्या पठारावर वस्ती आहे आणि वर जायला शेवटी लोखंडी शिडी. तिथून आजारी माणूस खाली आणायचा म्हणजे काय, याचा विचार केला की या यंत्राचं मोल कळतं. निसर्ग बघायची मजा हा त्यातला वरचा बोनस!

तेव्हा दोस्तांनो, फायनल इयरचं मॉडेल व्हायवाच्या दिवशी चाललं नाही तर भंगारात टाकू नका. ते का चाललं नाही एवढं लिहून ठेवा. इंजिन हलकं व्हायला तीस वर्षं लागतील कदाचित, पण उत्तर मागायला कोणीतरी परत यायला हवं ना!