नाना शंकरशेट यांचें चरित्र

मुंबई शहरास ज्यांनीं आकार दिला, त्यांत जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांची गणना प्रथम करावी लागते. ते हिंदु होते व अखेरपर्यंत हिंदुच राहिले. तथापि आमच्या खेड्यांतील वाचकांनीं त्यांची ओळख करून घ्यावी असें आम्हांस वाटतें.

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड येथें १८०३ सालीं दैवज्ञ ब्राह्मण कुळांत त्यांचा जन्म झाला. १८२२ सालीं वडील वारले, तेव्हां नानांस वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, आणि मोठा व्यापार त्यांच्या अंगावर पडला. अशा वयांत द्रव्य हातीं आलें म्हणजे पुष्कळ तरुण बिघडतात. नाना बिघडले नाहींत. दूरदेशींचे अरब व्यापारीही आपला पैसा विश्वासानें त्यांच्याकडे ठेवीत, असें सांगतात.

परंतु आमच्या मतें त्यांचें खरें मोठेपण व्यापारांत नव्हे, तर शिक्षणाच्या कामांत दिसतें. १८४० सालीं सरकारनें स्थापिलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सभासद होते. तेथें १८४७ च्या सुमारास मोठा वाद माजला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश व वजनदार गृहस्थ. उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असें त्यांचें म्हणणें होतें. नाना इंग्रजीचे शत्रु नव्हते. एल्फिन्स्टन विद्यालयाच्या उभारणींत त्यांचाही हात होता. पण बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोंचवावयाचें असेल तर तें त्यांच्याच भाषेंतून गेलें पाहिजे, असें मत त्यांनीं अध्यक्षांविरुद्ध उघड नोंदविलें. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहीम मकबा व कर्नल जर्व्हिस हेही त्याच बाजूस होते. ज्या सरकाराशीं आपला व्यवहार, त्याच्याच अधिकाऱ्यास विरोध करणें श्रीमंत मनुष्यास सोपें नसतें. शेतकऱ्याच्या मुलास मराठी पाटी मिळावी म्हणून भांडणाऱ्यांत एक लक्षाधीश होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मुलींच्या शिक्षणाविषयीं लोकांत भय होतें, तेव्हां त्यांनीं मुलींच्या शाळेसाठीं आपल्या वाड्यांत जागा दिली. सोनापुरची स्मशानभूमि शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत होता, त्यासही ते आडवे आले. प्रेत इतक्या दूर नेणें गोरगरिबांस किती जड गेलें असतें, हें खांदा दिलेल्यास सांगावयास नको.

आगगाडीच्या कामींही ते पुढें होते. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं गेली, ती चालविणाऱ्या कंपनीचे ते एक संचालक होते. त्याआधीं १८५२ सालीं, लोकांचीं गाऱ्हाणीं विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत नेण्यासाठीं, त्यांनीं बॉम्बे असोसिएशन स्थापन केली. १८५७ च्या बंडाच्या वेळीं त्यांच्यावर संशय आला, पण चौकशींत ते निर्दोष ठरले. आणि पांचच वर्षांनीं, १८६२ सालीं, त्याच सरकारनें त्यांस मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बसविलें.

१८६५ च्या जुलैंत कापसाच्या सट्ट्यानें मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना वारले. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलांत आहे, आणि मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यांस त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति पुढें कित्येक वर्षें मिळत असे.