शब्दाचा पक्का

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर येथे मराठ्यांचे राज्य स्थापिले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. त्या राज्याच्या पडत्या काळात राजा, रयत आणि परकी सत्ताधीश या सर्वांचा सारखाच विश्वास संपादन करणारे एक जर्मन धर्मोपदेशक तेथे होऊन गेले. त्यांचे नाव ख्रिश्चन फ्रीड्रिश श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील झोनेनबुर्ग या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांची आई निवर्तली. आपल्या मुलाचे आयुष्य ईश्वराच्या सेवेत जावे, अशी तिची इच्छा होती. पुढे हाले येथे शिकत असताना, हिंदुस्थानातून परतलेल्या एका मिशनऱ्याकडून ते तमिळ भाषा शिकले. १७५० साली ते हिंदुस्थानात आले आणि तरंगंबाडी येथील डॅनिश वसाहतीत काम करू लागले. त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

श्वार्ट्झ हे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या पंथाचे अनुयायी होते. ईश्वराची कृपा सत्कृत्यांच्या मोबदल्यात मिळत नाही, ती श्रद्धेने स्वीकारावयाची असते, अशी ल्यूथर यांची शिकवण होती. मग सत्कृत्ये कोणासाठी करावयाची? तर आपल्या शेजाऱ्यासाठी. धर्मगुरूच्या प्रार्थनेइतकेच शेतकऱ्याचे नांगरणे आणि बापाने बाळाची दुपटी धुणे हेही ईश्वराला प्रिय आहे, असे ते सांगत. श्वार्ट्झ यांनी ही शिकवण नित्याच्या व्यवहारात उतरविली. ते अविवाहित राहिले. लहानशी खोली, साधा पोशाख आणि भात-भाजी एवढ्यावर त्यांचे भागे. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे म्हणून ते फारसी व हिंदुस्थानी शिकले. तंजावरच्या दरबारासाठी मराठीही शिकले.

१७७९ साली मद्रासच्या इंग्रज सरकारने त्यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. तहाचा संभव असेल तर रक्तपात टळेल, या आशेने ते गेले. हैदरने त्यांचा आदर केला आणि निरोप देताना तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती सरकारजमा केली. सरकारने ती परत दिली, तेव्हा त्या रकमेतून त्यांनी तंजावरला अनाथ मुलांसाठी निधी उभारला. तह मात्र झाला नाही. १७८० साली युद्ध पेटले. तरीही या पाद्र्याला कोठेही अडवू नये, अशी हैदरने आपल्या सैन्याला ताकीद दिली होती.

युद्धामागून दुष्काळ आला. तंजावरच्या किल्ल्यात अन्नावाचून माणसे मरू लागली. खेड्यांत धान्य होते. पण ते आणावयास बैल मिळेनात. पूर्वी सरकारी अधिकाऱ्यांनी धान्य नेऊन त्याचे मोल दिले नव्हते. म्हणून शेतकरी राजाच्याही वचनावर विसंबेनात. अखेर राजाने श्वार्ट्झ यांना गळ घातली. एकेकाचे पैसे आपण स्वतः चुकते करू, असा त्यांनी शब्द दिला. एकदोन दिवसांतच सुमारे हजार बैल आले आणि किल्ल्यात धान्य पोहोचले. श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाची पै न पै चुकती केली. पुढे जुलमाला कंटाळून शेतकरी गाव सोडून गेले, तेव्हाही त्यांच्या शब्दावर एका दिवसात सात हजार माणसे परतली. पेरणीचा हंगाम उलटत चालला होता. त्यांनी रात्रंदिवस राबून शेते पेरली.

१७८७ साली तुळजाजीराजे मृत्युशय्येवर होते. त्यांनी आपला दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी श्वार्ट्झ यांच्या हवाली करावयाचे ठरविले. श्वार्ट्झ यांनी राज्याची सत्ता नाकारली आणि राजांचे बंधू अमरसिंह यांना पालक नेमावे, असा सल्ला दिला. तो सल्ला फळला नाही. अमरसिंहांनी मुलाला कोंडून ठेवले. त्याच्या शिक्षणाचीही आबाळ झाली. श्वार्ट्झ गप्प बसले नाहीत. त्यांनी मद्रासला पत्रे लिहिली, मुलाची सुटका करविली आणि १७९३ साली त्याच्या शिक्षणाची मद्रासला सोय लावून दिली.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवाजवळ सरफोजींना अश्रू आवरले नाहीत. त्याच वर्षी ते गादीवर बसले. त्यांनी आपला हिंदू धर्म सोडला नाही. गुरूंनीही त्यांच्यावरील माया त्या कारणाने कधी कमी केली नव्हती. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट करणारे विद्याप्रेमी राजे ते हेच. त्यांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून गुरूंचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ते आहे. त्यात वृद्ध धर्मोपदेशक अंथरुणावर पडले आहेत आणि मराठ्यांचा राजा त्यांचा हात हाती धरून उभा आहे.