ख्रिस्टियान डॉप्लर

ख्रिस्टियान आंद्रेआस डॉप्लर (२९ नोव्हेंबर १८०३ – १७ मार्च १८५३) हे ऑस्ट्रियन गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. ‘डॉप्लर परिणाम’ या नावाने ओळखला जाणारा तरंगविषयक सिद्धान्त त्यांनी मांडला. हृदयाच्या श्राव्यातीत ध्वनितपासणीतील महत्त्वाचा भाग याच सिद्धान्तावर आधारलेला आहे.

जीवन

डॉप्लर यांचा जन्म साल्झबुर्ग येथे पाथरवटाच्या घराण्यात झाला. प्रकृती नाजूक असल्याने वडिलोपार्जित व्यवसाय त्यांना झेपण्याजोगा नव्हता; म्हणून त्यांना व्हिएन्ना येथे शिक्षणासाठी पाठविण्यात आले. शिक्षणानंतर कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेबनिसाचे काम केले. निराश होऊन १८३५ मध्ये ते अमेरिकेस जाण्याच्या तयारीत असतानाच प्राग येथे अध्यापकाची जागा मिळाली आणि तो बेत रहित झाला.

सिद्धान्त

२५ मे १८४२ रोजी प्राग येथील विज्ञानसभेत त्यांनी युग्मताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावरील निबंध वाचला. तरंगांचा उगम निरीक्षकाजवळ येत असल्यास वारंवारता वाढलेली आणि दूर जात असल्यास घटलेली भासते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ताऱ्यांचे रंग गतीमुळे दिसतात हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला. मूळ तत्त्व मात्र अचूक होते. १८४५ मध्ये बाइस बालॉट यांनी हॉलंडमध्ये धावत्या आगगाडीत तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत त्याचा पडताळा घेतला.

अखेरची वर्षे

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकी संस्थेचे पहिले संचालक झाले. तेथे गणितज्ञ पेट्झव्हाल यांनी त्यांच्या सिद्धान्ताला कडाडून विरोध केला. तोवर फुप्फुसांचा विकार बळावला होता. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि तेथेच वयाच्या ४९ व्या वर्षी निधन पावले. ताऱ्याच्या प्रकाशात या परिणामाचा शोध हगिन्स यांनी १८६८ मध्ये घेतला. तो पाहण्यास डॉप्लर हयात नव्हते.

हृदयतपासणीतील उपयोग

आज जळगाव, धुळे यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही ‘टूडी इको’च्या अहवालात डॉप्लर यांचे नाव आढळते. वाहत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून रक्ताचा वेग काढतात. डावी जवनिका सैल पडून द्विदल झडप उघडताच रक्त आत शिरते, ती ‘ई’ लहर; नंतर डाव्या कर्णिकेच्या आकुंचनाने उरलेले रक्त येते, ती ‘ए’ लहर. निरोगी तरुणात ‘ई’ उंच असते. हृदय सैल पडण्याची क्रिया मंदावल्यास ती खुजी होते व ‘ए’ वाढते. विकार बळावून कर्णिकेतील दाब वाढला, की ‘ई’ पुन्हा उंचावून आलेख निरोगी असल्याचा भास होतो. म्हणून त्याच तत्त्वाने हृदयाच्या स्नायूचा वेगही मोजतात. हृदयाचे आकुंचन उत्तम असूनही धाप लागणाऱ्या रुग्णाच्या निदानास, शरीरात नळी न घालता केलेली ही तपासणी मोठे साहाय्य करते.