दोन घरांचा मुलगा : रॉबर्ट ह्यूम

वाशीममधलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. १९३८ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायशर या अमेरिकन बाईंनी ते सुरू केलं. त्या एकट्या होत्या. पण महाराष्ट्रात आलेले बरेचसे मिशनरी बायकोसोबत आले, त्यांना इथे मुलं झाली आणि ती मराठी ऐकत वाढली. त्या मुलांचं पुढे काय झालं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला पडला. आणि शोधता शोधता मी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यापर्यंत पोचले.

तुम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली असतील, तर ह्यूम साहेबांचं नाव तुमच्या नजरेखालून गेलंय. तेच हे.

रॉबर्टचा जन्म १८४७ चा, मुंबईतला. आईवडील हॅना आणि रॉबर्ट विल्सन ह्यूम हे अमेरिकन मराठी मिशनचे. १८३९ मध्ये ते मुंबईत उतरले. म्हणजे आपल्याकडे रेल्वे यायच्या आधीचा काळ. साथी यायच्या आणि घरंच्या घरं रिकामी करून जायच्या. मिशनच्या कब्रस्तानांत लहान मुलांच्या कबरी कमी नाहीत. अशा शहरात हॅनाबाई मुलं वाढवत होत्या. घरात इंग्रजी, अंगणात मराठी.

रॉबर्ट सात वर्षांचा असताना वडिलांची तब्येत ढासळली. १८५४ मध्ये कुटुंब अमेरिकेला निघालं. तेव्हा सुएझ कालवा नव्हता. आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून जायचं, म्हणजे चार-पाच महिने फक्त पाणी. त्या प्रवासातच वडील गेले. समुद्रातच निरोप द्यावा लागला. हॅनाबाई मुलांना घेऊन एकट्याच अमेरिकेत उतरल्या.

आता जरा विचार करा. आपण म्हणणार, पोरगा 'मायदेशी' परतला. पण त्याच्यासाठी मायदेश कुठला? त्याने तर मुंबईच बघितली होती. परदेश त्याच्यासाठी अमेरिका होता.

या मुलांची ही कायमचीच अडचण. शाळेचं वय झालं की त्यांना अमेरिकेला पाठवायचं, हा मिशनऱ्यांमधला रिवाज होता. आईबाप इकडे, मुलं तिकडे, कुणा नातेवाइकाकडे. बॉस्टनजवळ ऑबर्नडेलला तर खास मिशनऱ्यांच्या मुलांसाठी एक घर चालायचं. कोडाईकनालला अमेरिकन मुलांची शाळा निघाली ती थेट १९०१ मध्ये. तोवर कित्येक आयांनी आपली मुलं पत्रांतूनच मोठी होताना पाहिली. आपण पुण्याला किंवा अमरावतीला होस्टेलवर गेलो की आई रोज व्हिडिओ कॉल करते आणि आपण वैतागतो. त्यांना एका पत्राच्या उत्तरासाठी महिनोन्महिने थांबावं लागायचं.

रॉबर्ट हुशार निघाला. १८६८ मध्ये येल विद्यापीठातून पदवी, मग अँडोव्हरला धर्मशास्त्राचं शिक्षण. तिकडे आरामात राहता आलं असतं. पण १८७४ मध्ये तो परत आला, अहमदनगरला. सोबत नवी नवरी, ॲबी बर्जेस. तीही मिशनरीचीच मुलगी. तिचे वडील एबेनेझर बर्जेस यांनी 'सूर्यसिद्धांत' इंग्रजीत आणला होता. म्हणजे दोघांनाही नीट माहीत होतं, की आपण आपल्या मुलांना कुठल्या आयुष्यात आणतोय.

१८७८ मध्ये ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. घर लागलं, मुलं झाली. आणि १८८१ मध्ये ॲबी गेल्या. थोरली रूथ तेव्हा सहाएक वर्षांची होती. बापाने जवळपास ज्या वयात वडील गमावले, त्याच वयात लेकीने आई गमावली. काही वर्षांनी ह्यूम यांनी केटी फेअरबँक यांच्याशी लग्न केलं. त्या नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या सॅम्युअल फेअरबँक यांच्या कन्या. पुन्हा मिशनरी घरातलीच मुलगी!

इथे वाढल्याचा ह्यूम यांच्यावर परिणाम झालाच. १८८६ मध्ये ते सुट्टीवर अमेरिकेत होते. ज्यांच्यापर्यंत ख्रिस्ताचं नावच पोचलं नाही असे सगळे लोक मेल्यावर नरकात जातात, हे इथल्या माणसांना सांगणं त्यांना पटत नव्हतं. तसं ते तिकडे उघड बोलले आणि वाद पेटला. त्यांना परत पाठवायचं की नाही, यावर त्यांच्याच संस्थेने काही महिने निर्णय अडवून धरला. नोकरी आणि घर, दोन्ही पणाला लागलं. शेवटी १८८७ मध्ये ते परतले. शब्द मागे घेऊन गप्प बसले असते तर सुटले असते, पण बसले नाहीत.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. जुनी माणसं ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, तोच. आपल्या वऱ्हाडालाही त्याने सोडलं नव्हतं. नगर भागात ह्यूम यांनी मदतीचं मोठं काम उभं केलं. अनाथ पोरांना मिशनने आसरा दिला. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. जेवू घातलं की धर्म बदलला, हा वाद तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो टाळून ही गोष्ट सांगणं खरं नाही. पण त्या पोरांची पोटं भरली, हेही खरंच आहे. कवी नारायण वामन टिळक ह्यूम यांच्याच विद्यालयात शिकवायचे. मराठी साहित्याशी या घराचं नातं तिथून जुळलं.

आणि रूथ? ती अमेरिकेत शिकून डॉक्टर झाली आणि परत आली. १९०४ मध्ये तिने नगरला बायकांसाठी हॉस्पिटल सुरू केलं. नगरचं बूथ हॉस्पिटल ऐकलंय ना? त्याची सुरुवात तीच. ह्यूम यांचा मुंबईत जन्मलेला पुतण्या, रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम, याने पुढे तेरा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

अर्ध्या शतकाहून जास्त काळ इथे घालवून ह्यूम १९२६ मध्ये अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये तिकडेच वारले.

त्यांची सगळी मतं तुम्हाला पटायलाच हवीत असं नाही. मलाही पटत नाहीत. पण शिकायला म्हणून तुम्ही गाव सोडलं असेल, आणि सुट्टीत घरी आल्यावर तिथेही पाहुण्यासारखं वाटत असेल, तर हा माणूस तुम्हाला ओळखीचा वाटेल. घर नक्की कुठलं, हा प्रश्न त्यांना सातव्या वर्षीच पडला असणार. उत्तर द्यायला ते सत्ताविसाव्या वर्षी परत आले.