आकाशातून संकटाचा माग घेणारे शास्त्रज्ञ

भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. पी. आर. पिशारोटी मूळचे हवामानशास्त्रज्ञ होते. केरळमधील कोल्लेंगोडे येथे १० फेब्रुवारी १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४२ मध्ये ते हवामान खात्यात दाखल झाले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्यात सर्वाधिक पाऊस नैऋत्येकडील भागात पडतो, हे त्यांनी जी. सी. असनानी यांच्यासमवेत १९५७ मध्ये दाखवून दिले. पुराची पूर्वसूचना देताना नेमका कोणता भाग धोक्यात आहे, हे ठरविण्यास या निष्कर्षाची मोठी मदत झाली. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक होते.

१९६७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते विश्रांती घेत बसले नाहीत. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत ते रुजू झाले. केरळमधील नारळाच्या बागांना मुळांच्या रोगाने ग्रासले होते. १९७० च्या सुमारास पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर या बागांची छायाचित्रे टिपली. निरोगी पाने अवरक्त किरण अधिक परावर्तित करतात, रोगट पाने कमी. त्यामुळे जमिनीवरून न दिसणारा रोगही छायाचित्रांत उमटला. देशातील दूरसंवेदनाचा हा पाया ठरला. १९७० मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि चक्रीवादळांवर आकाशातून सतत नजर ठेवणे शक्य झाले. मात्र केवळ दिसणे पुरेसे नसते. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाचे महाचक्रीवादळ उपग्रहाने टिपले होते, इशारेही दिले गेले होते. पण निवारे अपुरे होते आणि सुमारे १० हजार जणांचा बळी गेला.

पिशारोटी यांचे २४ सप्टेंबर २००२ रोजी निधन झाले. २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ त्याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. धोका वेळीच दिसणे आणि त्यावर वेळीच हालचाल होणे, या दोन्ही गोष्टी तेव्हा प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर जुळून आल्या. त्यांपैकी पहिलीची वाट पिशारोटी यांनी नारळाच्या बागांवरून घातली होती.